बरं हाय

सोमवार, ४ मे
साडेसहाची वडवणी-बीड एसटी. उभ्यानं! मैत्रिणी सगळ्या मामाच्या गावाला, आणि मी बारावीच्या तोंडावर बीडच्या एका कॉलेजात. तीन आठवड्यांचा ‘उन्हाळी माध्यम व तंत्रज्ञान वर्ग’. अण्णांनी सोडलं कसं, अजून कळत नाही. बावीस पोरं, सहा पोरी. रामप्रसाद सर कॅमेरा, आवाज, संकलन सगळं शिकवणार. आजचा पहिला नियम — मूळ फाईल कधी पुसायची नाही.
शेवटच्या दिवशी प्रत्येकाची तीन मिनिटांची फिल्म पडद्यावर दाखवणार. विषय ‘माझ्या ओळखीचं एक माणूस’. मला विचारच करावा लागला नाही. मोहिनीताई.

मंगळवार, ५ मे
ताईचं नाव काढलं तर आईची भाकरी तव्यावर करपली. दिवाळीला दोन दिवस आली होती, त्यानंतर नाही. तिचं सासर लिंबागणेशला, ते काय सातासमुद्रापार आहे का! पण ताईच्या सासूबाई, छबुबाई, दर वेळी नवं कारण काढतात. फोन केला तर तो स्पीकरवर. आई म्हणाली, “शूटिंगचं निमित्त हाय तर बघून ये पोरीला. खरंच बरी हाय का, तेवढं बघ.”
म्हणजे दोन कामं झाली. फिल्म आणि हेरगिरी.

शनिवार, ९ मे
आठवडाभर आवाजच शिकलो. हेडफोन लावला की खोलीतला पंखा केवढा घरघरतो! सर म्हणाले, आपल्या कानाला सवय होते, माईकला होत नाही.
छबुबाईंनी परवानगी दिली. फिल्म म्हटल्यावर लगेच! “आमचा गोठा पण घे म्हणावं.” अण्णांना फोनवर हसू आवरेना.

रविवार, १० मे
जाऊन आले. दारात नवा ट्रॅक्टर. छबुबाई ठेवणीतली साडी नेसून तयार, जणू फिल्म त्यांच्यावरच आहे. दाजी घरात नव्हते. ताई लई वाळलीय. उन्हाळ्यात सगळेच वाळतात म्हणा.
तिला ओसरीवर बसवलं. पदराला माईक लावताना तिनं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि सोडून दिलं. छबुबाईंनी कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकली. त्या काही उठेनात. मी तरी कसं सांगणार, उठा म्हणून?
दिवस कसा जातो? “बरं हाय.” कॉलेज सुटलं, वाईट वाटतं का? “न्हाई. बरं हाय.” दाजी कसे आहेत? “बरं हाय की समदं. बरं हाय.”
हीच ताई मला कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकवायची, चुकलं की टपली मारायची! बोलायला लागली की अण्णा म्हणायचे, “हिला बंद करायचं बटण कुठं हाय?” आणि आता दोन शब्दांच्या पुढं जाईना. मला तिचा राग आला. माझ्या फिल्मची पार वाट लावली.
निघताना हळूच म्हटलं, ताई, नीट सांग ना. तर म्हणाली, “तुझी बस जाईल.”
घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. सांगितलं — बरी आहे. तीच म्हणाली ना तसं!

बुधवार, १३ मे
आज वर्गात हसून हसून पुरेवाट. सबटायटल मशीनकडून करून घेतली. तिला पुस्तकातली मराठी येते, आपली कुठून येणार! ताईच्या प्रत्येक ‘बरं हाय’चं तिनं केलं, ‘बरं. हाय!’ पुढं उद्गारचिन्हसुद्धा. नऊ वेळा. शेजारचा सुरज ओरडला, “अबे, हिची बहीण तर रडायलीय!” सगळे हसले. मीसुद्धा.
सर म्हणाले, तपासून दुरुस्त करा. हाय! खोडलं, ‘आहे’ लिहिलं. परत खोडलं, ‘आहे’. सहाव्या वेळी हात थांबला. मग पुढं गेले.

शुक्रवार, १५ मे
आवाज साफ करायचा दिवस. ताईच्या उत्तराआधी काहीतरी खरखरत होतं. आवाज वाढवला. छबुबाईंचं खाकरणं! मी विचारते, त्या खाकरतात, ताई म्हणते बरं हाय. नऊच्या नऊ वेळा.
सरांना विचारलं, मागं आवाज येतोय, काय करू? ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वाकले होते. म्हणाले, “नको तो आवाज निवड अन् काढून टाक.” काढला. फिल्म एकदम लख्ख झाली.
मला कळलं होतं. इथं तरी खोटं लिहीत नाही. पण आठवडाच राहिलाय, दुसरं माणूस आता कुठून आणू? आणि आईला काय सांगू? ती तर हायच खाईल.

शनिवार, २३ मे
पहिला नंबर माझा! सर सगळ्यांसमोर म्हणाले, “स्वच्छ काम. एक आवाज जास्तीचा नाही.”
आई-अण्णा आले होते. पडद्यावर ताई केवढी मोठी दिसत होती! आई खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती. खाली काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही, पण ऐकत होती. परतताना एसटीत माझा हात हातात घेऊन म्हणाली, “संस्कृती, लई दिसांनी जिवाला गार वाटलं बाई. बरी हाय माझी मोहिनी.” आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.
मांडीवर प्रमाणपत्र. लाज वाटते. लई लाज वाटते.

रविवार, २४ मे
मूळ फाईल आहे. पुसली नव्हती.
खाकरण्यासकट, मशीनची ती सबटायटल परत लावून ताईच्या फोनवर पाठवली. खाली लिहिलं — आवाज बंद करून बघ. छबुबाईंनाही वाचता येत नाही. आणि लिहिलं, ताई, मला ऐकू आलं. आधीच आलं होतं. माफ कर.
मग चुलीपाशी जाऊन आईलाही सगळं सांगितलं. ती पीठ मळत राहिली, मळतच राहिली.

मंगळवार, २६ मे
ताईनं बघितलंय. निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. अण्णा म्हणतात, उद्या-परवा जाऊन येतो.

गुरुवार, २८ मे
अण्णा चपला घालत होते तेवढ्यात ताई आली. एकटी, हातात एक पिशवी. आईनं विचारलं, “बरं हाय ना गं?” अण्णा सहजच खाकरले. ताई दचकली, थांबली. मग म्हणाली, “न्हाई.”