बाबांच्या शेजारच्या सीटवर

आई, परवा बाबांच्या जुन्या गॅरेजातला एक माणूस भेटला. म्हणाला, "तुमचे वडील काय गाडी मारायचे म्हणे! कल्याणच्या शर्यतीत तिसरे आलेले." तुझं नाव त्याने काढलं नाही. त्याला माहीतच नसणार. बाबाही कायम "मी तिसरा आलो" असंच सांगायचे, आणि तू पोळ्या लाटत ऐकून घ्यायचीस.

पण मी तिथे होते. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणबाहेर विमानांच्या ओसाड पडलेल्या धावपट्टीवर हौशी लोक मोटारी पळवायचे. कुणी मेकॅनिक, कुणी लॉरीवाला. आज त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत. बाबांनी मिलिटरीची मोडीतली गाडी आणली, तिचं छप्पर नि मडगार्ड कापून टाकले आणि खोपट नाक्यावरच्या गॅरेजात ती शर्यतीसाठी तयार केली. दर वेळी ती अर्ध्यातच बंद पडायची. एकदा तर बाबा हात भाजून घरी आले. पुढच्या शर्यतीला तू मला घेऊन थेट कल्याणला निघालीस, आज ही मोटार विकायला लावायचीच असं ठरवून.

आपण पोचतो तेव्हा बाबा डोक्याला हात लावून बसलेत. शेजारी बसणारा जोडीदार तापाने आलेला नाही, आणि जोडीदाराशिवाय गाडी शर्यतीत उभी करू देत नाहीत. तू क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघतेस.

"शेजारी बसून करायचं काय असतं?"

"मागून कोण येतंय ते सांगायचं. वळणावर आतल्या बाजूला झुकायचं. पण तू..."

"मग उठा."

काष्टा घट्ट ओढून तू चढतेससुद्धा. पंच काहीतरी बोलायला येतो, पण तू त्याच्याकडे अशी पाहतेस की तो आल्या पावली मागे फिरतो.

वळणावर तू इतकी झुकायचीस की माझ्या शेजारच्या बाया किंचाळायच्या. शेवटच्या वळणाला पुढची गाडी जरा बाहेर सरकली. बाबा अजून विचारात, आणि तुझा आवाज थेट आमच्यापर्यंत आला, "आतून घ्या! अहो, आतून!" बाबांनी घेतली, आणि गाडी तिसरी आली.

घरी मोटार विकायचा विषय तू काढलाच नाहीस. अंगावरची माती धुऊन आलीस आणि म्हणालीस, "पुढच्या खेपेला माझ्या बाजूला धरायला दांडा बसवा." तो दांडा धरून तू आणखी काही शर्यती केल्यास. मग तिथल्या शर्यतीच बंद झाल्या, गाडी भंगारात गेली.

त्या माणसाला मी म्हटलं, "एकटे नव्हते ते. शेजारी आई होती." तो हसला, त्याला थट्टा वाटली. मग चहा मागवून मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने रिकामा कप बाजूला सारला. "म्हणजे दोघं तिसरे आले," म्हणाला.

हे लिहिलंय खरं, पण पाठवू कुठे? राहील कपाटात. एक मात्र त्यालाही सांगितलं नाही. बाबा गाडी कशी चालवायचे, असं त्याने निघताना विचारलं, तेव्हा मी "झकास" म्हटलं. मला माहीत नाही, आई. मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.