हनुवटी टेकवून

तीर्थरूप बाबा,

लांबूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे, जेवणाची आबाळ नाही. एवढं आईला आधी वाचून दाखवा, म्हणजे ती सुखाने झोपेल.

बेस गिटार शिकणं चालू आहे. तुम्ही विचारलं होतंत, "चारच तारा? स्वस्तातली घेतलीस का?" अहो, असतातच चार, पण चांगल्या जाड. बोटांना घट्टे पडलेत. आधी मी उगाच भराभर वाजवायचे. आमचा ड्रमवाला म्हणाला, "तुला गाडी पकडायची आहे का?" आता कमी वाजवते, पण ठोक्यावर वाजवते. परवा तो नुसता हसला, म्हणजे जमतंय.

खोलीत स्पीकर लावायची सोय नाही. खालच्या आजी काठीने छत ठोकतात. म्हणून गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकवून सराव करते. बाहेर जेमतेम ऐकू जातं, पण माझ्या डोक्यात एकेक सूर घुमतो. हाडांतून येतो म्हणे.

कानाचं यंत्र तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकून दिलंत, असं आई म्हणत होती. रेडिओही बंदच असतो ना? फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता, तेव्हा काहीच ऐकू आलेलं नसतं, हे मला कळतं. रागावले नाही. म्हणून तर पत्र लिहायला बसले.

रजा मिळाली की गिटार घेऊनच येते. तुम्ही फक्त दाढी करून ठेवा. हनुवटी तुमची, वाजवायचं मी बघते.

तुमची,
धाकटी