रुखमाबाईंचे कवेलू

वरोरा, रविवार

प्रिय बिरजूभाऊ,

वहाबचा सलाम घे आणि तुमच्या रीतीचा जोहारही घे. रुखमाबाईंचे गुडघे कसे आहेत? लोकेशची रंजीता चालायला लागली का? इकडे कनीज आणि इकरा खुशाल आहेत. मलाही काही नाही, जरा खोकला आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण रेंजसाठी तुला टेकडीवर चढावे लागते (आणि तिथून तू ऐकत नाहीस, नुसता ओरडतोस).

या पावसाळ्यात आमच्या भिंतीला काळी बुरशी आली. कनीजने चुना लावला, बुरशी चुन्यातून वर आली. मी हिरवा रंग मारला, तर पाहुणे विचारू लागले, ही ठिपक्यांची डिझाइन कुठून आणली? शेवटी कळले की वरचा सिमेंटचा पत्रा तडकला आहे आणि तिथून पाणी झिरपते. माझ्याच हातचा पत्रा! तीस वर्षे वरोऱ्यापासून आलापल्लीपर्यंत लोकांच्या घरांवर पत्रे चढवले, आता दुसऱ्याला बोलावले तर नाक कापले जायचे. म्हणून या वयात करवत घेऊन वर चढलो. अर्धा पत्रा कापला तोच आमची इकरा (ती आता नर्स आहे) दवाखान्यातून आली आणि खालून ओरडली, "अब्बा, कापू नका! त्याच्यात अ‍ॅस्बेस्टॉस रायते, धूळ छातीत जाऊन बसते!" मी म्हटले, "हाच पत्रा कापून तुले शिकवलं ना मी!" आणि तिथेच खोकल्याची अशी उबळ आली की चार शेजाऱ्यांनी मला उतरवले. चौघे चार बाजूंना ओढत होते.

इकराने चंद्रपूरला डॉक्टरकडे नेले. त्यांनी छातीचा फोटो काढला आणि धंदा विचारला. मी फुशारकीने सगळे सांगितले, किती घरे, किती शाळा, संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन घरी यायचो तेही. वाटले, डॉक्टर खूश होतील. ते लिहायचे थांबले.

तेव्हापासून तुझे घर डोळ्यांसमोरून हलत नाही. लोकेश झाला त्या वर्षी तुझे मातीच्या कवेलूंचे छप्पर मीच हट्टाने उतरवले आणि हाच सिमेंटचा पत्रा चढवला. रुखमाबाई म्हणाल्या होत्या, "वहाबभाऊ, काऊन काढता? कवेलूखाली गार वाटते." मी हसलो. वरून पत्र्याचे उरलेले तुकडे त्यांना मोहफुले वाळवायला दिले. भाऊ, त्या तुकड्यांची मला फार लाज वाटते.

तुझा
वहाब

ता. क. पत्र्याला हात लावू नकोस, फोडू नकोस. त्या तुकड्यांवर मोह वाळवू नका, रंजीतालाही जवळ जाऊ देऊ नका. इकरा हे काम जाणणारी माणसे शोधते आहे. ती पत्रा भिजवून अख्खा उतरवतात.

आणखी एक. रुखमाबाईंनी ते जुने कवेलू गोठ्यामागे रचून ठेवले होते आणि दर खेपेला मी त्यांना त्यावरून चिडवायचो. ते अजून आहेत का? असले तर त्या माणसांसोबत मीही येतो.

शेवटचे. रेंजचे कारण खोटे आहे. फोनवर तुला माझा खोकला ऐकू आला असता. शिडी आता मला चढवत नाही, तेव्हा कवेलू तू चढव, मी खाली खाटेवर बसून तुझ्या चुका काढीन. पण दिवाळीच्या आतच करू. पुढच्या पावसाळ्याचे विचारले की डॉक्टर माझ्याकडे न बघता इकराकडे बघतात.