बॅटऱ्या बसल्या की निघू

बोगो,

कॅम्पर व्हॅन चोरीला गेलेली नाही, मी नेली आहे. पोलिसांना फोन करत बसू नकोस.

फ्रिजमध्ये जवाचं सूप आहे, तीन दिवस पुरेल. व्हॅनमधून काढलेल्या शिशाच्या दोन्ही जुन्या बॅटऱ्या अजून दाराशीच पडल्यात. मला उचलल्या नाहीत, भंगारात तूच टाकून ये.

सप्टेंबरपासून ऐकतेय, "लिथियमच्या बॅटऱ्या बसल्या की निघू, मिलोय्का." त्या बसवून झाल्या. मग नवा चार्जर आला, मग जाड वायरी. काल जेवताना तू छतावरच्या सोलर पॅनेलचा विषय काढलास आणि मी ताट अर्धं टाकून उठले. तुझ्या लक्षातही आलं नाही.

पारा शून्याखाली गेला की लिथियम चार्ज करायचं नाही, हे मला पाठ आहे. सबंध हिवाळ्यात तू बायकोशी दुसरं काही बोलला आहेस का?

त्या जुन्या बॅटऱ्या रात्री नऊच्या आत मान टाकायच्या. मग दिवा नाही, रेडिओ नाही. अंधारात पडल्या पडल्या तू आईचं, शाळेचं, काय काय सांगत राहायचास. मला तेवढी वीज पुरत होती.

काम मात्र चोख केलंयस.

रविवारपर्यंत बोहिंजच्या तळ्याकाठी आहे, आपल्या नेहमीच्या जागी. तिकडची बस सव्वाचारला सुटते. बॅटरी किती उरली ते तुझ्या फोनवर दिसतं खरं, पण तूच म्हणालास, गाडीपासून दहा पावलांच्या आत असलं तरच.

मिलोय्का