उजव्या कोपऱ्यातली खाच

३ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

तुला गाडीत बसवून घरी आलो, तर फ्रिजवर माझ्या गोळ्यांच्या वेळांची चिठ्ठी, तीही माझ्या कमरेच्या उंचीवर. तुझा हात तिथवरच पोचला असणार. असो. ठरल्याप्रमाणे मी वेळेवर जेवायचं आणि तू 'दादा, आता आमच्याकडेच राहायला ये' हा विषय पुन्हा काढायचा नाही. दोघांनीही शब्द दिलाय. फोनवर तू फिरून फिरून तिथेच येतेस, म्हणून यापुढे आपली पत्रंच बरी. तुझी वहिनी गेल्याला दीड वर्ष झालं, एकट्याचं सगळं मला आता येतं. आठ दिवस पाहुणा म्हणून तुझ्याकडे येणं वेगळं. पण तुझ्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या पाटीवाल्यांच्या घरात कायमचा कोपरा अडवून बसायचं, हे मला जमायचं नाही. ते बिचारे तोंडाने काही बोलणार नाहीत, पण त्यांनी तरी का सोसावं?

आता खरी बातमी. माझ्या घड्याळांच्या दुकानाशेजारचा खेळणीवाला गाशा गुंडाळतोय. त्याच्याकडून एक खोकं उचललं. आत एक लाल इंजिन, पाच लाल डबे आणि पिशवीभर रूळ. युरोपातल्या डोंगरात धावणारी गाडी, पण खऱ्याच्या एकशे साठाव्या हिश्श्याची. या मापात माणूस जेमतेम सेंटिमीटरभर उंच होतो. दुकानातलं ते कॅलेंडर आठवतं का, दगडी पुलावरून लाल गाडी जातेय ते? वर्ष सरलं तरी तुझ्या वहिनीने ते पान उतरवू दिलं नाही. या गाडीत एकदा बसायचं असं तिचं दर वर्षी ठरायचं, आणि दर वर्षी माझ्या टेबलावर कुणाचं तरी घड्याळ उघडं पडलेलं असायचं. ते चित्र मी मागच्या खोलीत उभं करणार आहे. पूल, बोगदा, स्टेशन, सगळं.

डबे लांब आहेत, वळण आवळलं की घसरतात. गोलाई काढणं हे तुझं काम, पन्नास वर्षं शिवणकामात बायकांच्या ब्लाउजांचे मुंढे कापलेस. खोलीचं माप सोबत पाठवतोय. फळ्या कशा कापायच्या ते कागदावर काढून दे.

लोभ आहेच, तो फ्रिजवर चिकटवू नये.

दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खाकी कागदाचे तीन तुकडे गुंडाळून पाठवलेत: डावा, मधला, उजवा. प्रत्येक ऐंशी सेंटिमीटर लांब, साठ रुंद. एकच अखंड फळी का नाही म्हणून कुरकुरशील, पण अखंड फक्त चादर असते. तुकडे नट-बोल्टने जोड, खिळे ठोकू नकोस आणि डिंक लावू नकोस. चांगलं शिवलेलं उसवताही आलं पाहिजे. पायांची उंची बरोबर पंचाहत्तर. वळणासाठी माझी मुंढ्याची पट्टी चालेना, शेवटी टाचणी आणि दोरा घेऊन जमिनीवर बसले. उठताना आमच्या ह्यांना हाक मारावी लागली, हे तुला हसायला सांगते.

एक मात्र ऐक. कापताना तुझी हुशारी चालवू नकोस. जन्मभर बायका येऊन म्हणाल्या की ताई, इथे जरा विचित्र वाटतंय, आणि अंगात घातल्यावर गप्प बसल्या. कुठे चुकलंसं वाटलं तरी करवत माझ्याच रेघेवरून फिरव.

आमच्या ह्यांनी परवा पुढच्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि मागची भिंत निळी करायला घेतलीय. घरभर टर्पेंटाइनचा वास. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तरी हात शिवशिवतात म्हणे. मी काही विचारत नाही.

तुझा आशीर्वाद माझ्यावर आहेच, थोडी मेहेरबानी दुपारच्या जेवणावरही कर.

बुटकी


१४ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ., आणि थोडी कानउघाडणीही.

तुझी नजर तपासून घे. तुझ्या कागदावर उजव्या तुकड्याच्या मागच्या कोपऱ्यात एक चौकोनी खाच आहे, सोळा सेंटिमीटरची. माझ्या खोलीत तिथे काही नाही. नुसती भिंत आहे, सरळ, गुळगुळीत. शिवाय सगळं जोडल्यावर पुढची कड कपाटासमोर येते आणि दार अर्धंच उघडतं, तेव्हा मी शर्ट तिरका करून काढतो. पाय तर इतके बुटके आहेत की वाकून वाकून माझी कंबर गेली. पंचाहत्तर ही तुझी उंची असेल, माझी नाही.

तरी मी खाच बुजवली नाही. ज्यांच्या हाताखाली मी घड्याळं शिकलो, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की चाकाचा जो दाता का आहे ते कळत नाही, त्याला कानस लावायची नाही. म्हणून तुझी चूकही मी जशीच्या तशी, अर्ध्या मिलिमीटरच्या आत कापलीय. बोगदा तिच्या अलीकडून वळवला.

आता कौतुक कर. पुलाला अकरा कमानी झाल्या. दगडांच्या रेघा भिंग डोळ्याला लावून एकेक कोरल्या. डोंगर थर्माकोलचा, त्यावर प्लास्टर. काल पहिली फेरी झाली, तिसरा डबा फलाटाच्या कडेला घासला, मग कड केसभर घासली. आता गाडी बरोबर बेचाळीस सेकंदांत फिरून येते. मी दहादा वेळ लावून पाहिली.

स्टेशनावर एक बाक ठेवलाय. त्यावर सेंटिमीटरभराची एक बाई बसवलीय, हिरव्या कोटातली, मांडीवर पर्स. कोण ते तुला सांगायला नको. गाडी थांबवली की मला उगीच वाटतं, आता ती उठेल. मग लगेच गाडी सोडवत नाही.

कोपर जरा काळंनिळं झालंय, दाराला आपटलं. काळजीचं काही नाही.

माया आहे तशीच राहू दे, टेप मात्र नवी घे.

दादा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून घातलाय, मनात राग आहे.

कोपर दाराला आपटलं ना? तुझ्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा काल फोन आला. तुला सांगू नका म्हणून तू त्यांना बजावलं होतंस, पण त्या तुझ्यासारख्या खोटारड्या नाहीत. डोंगरावर दिवा टांगायला तू स्टुलावर चढलास, पडलास, आणि दीड तास तुला जमिनीवरून उठता आलं नाही. सकाळचं वर्तमानपत्र नऊ वाजले तरी दारातच दिसलं, म्हणून त्यांनी त्यांच्याकडची किल्ली लावली. एरवी तू तिथेच पडून राहिला असतास, आणि मी इथे कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत बसले असते.

मी भ्याले, दादा. वहिनीच्या वेळी पोचायला मला उशीर झाला होता, ते अजून मनातून गेलेलं नाही. तू गेल्यावर उशिरा पोचणारी बहीण मला व्हायचं नाही.

मी शब्द दिलाय, तो मोडणार नाही. म्हणून इथे तीन ओळी कोऱ्या सोडतेय. त्यात काय लिहायचं होतं ते तुला ठाऊक आहे.

. . . . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . . . .

राग आहे, त्याच्याखाली बाकीचं सगळं आहेच.

बुटकी


९ एप्रिल

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

चुकलो. एवढं एकदा स्पष्ट लिहून टाकतो.

तुझ्या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. बदल्यात खरं सांगतो. पडलो तेव्हा घोटा मुरगळला आणि मी बरोबर फळीखाली गेलो. वर गाडी चालूच होती. बटण माझ्या हाताला येईना. पाठीवर पडून मी तिचा आवाज ऐकत होतो. पूल आला की घरघर, बोगदा आला की दबका आवाज, मग पुन्हा पूल. काही सुचेना म्हणून फेऱ्या मोजल्या. एकशे सव्वीस झाल्या. शंभरावीनंतर मला भीती वाटली. पडल्याची नाही. ती गाडी थांबवायला या घरात दुसरं कुणी नाही, याची.

पण बुटके, तरी मला तिकडे येता येत नाही. तुझं घर असतं तर मी कदाचित उद्या निघालो असतो. ते दोघांचं घर आहे, आणि बोलावलं आहे फक्त एकीने. शिवाय आता हा डोंगर आहे. तुझ्या वहिनीसाठी जन्मात एकच गोष्ट वेळेवर पुरी करत आणलीय, ती मोडून कुठे जाऊ? या खोलीसाठी बनवलेली वस्तू दुसऱ्या खोलीत बसत नाही. याच खोलीत धड बसत नाही, तुझ्या कृपेने.

स्टूल मास्तरीणबाई जप्त करून घेऊन गेल्या. आता तरी नीट झोप.

तुझी माया आहे, आणि मी ती गृहीत धरतो, हाच माझा दोष.

दादा


२० एप्रिल

दादांना सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. 'आत या' आणि 'आज बंद' यापलीकडे माझा मजकूर गेलेला नाही. पण तुमचं पत्र हिने वाचून माझ्यासमोर ठेवलं आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. शब्द तिने दिलाय. मी कुणालाही कसलाही शब्द दिलेला नाही, तेव्हा मी सांगतो.

फेब्रुवारीत तुमच्या खोलीचं माप आलं, त्या दिवशी हिने ते वाचलं, घडी घालून डब्यात ठेवलं, आणि टेप काढून आमच्या पुढच्या खोलीची भिंत मोजायला लागली. आमच्या उजव्या कोपऱ्यात एक खांब आहे. तुम्ही येता तेव्हा त्याच्यासमोर कपाट असतं, म्हणून तो तुमच्या ध्यानात नसेल. तो सोळा सेंटिमीटरचा आहे. खिडकीची कड पंचाहत्तरवर आहे. तीन तुकडे यासाठी, की आमच्या जिन्याच्या वळणावरून ऐंशीपेक्षा लांब काही वर येत नाही. ते तर आम्ही एक रिकामं खोकं जिन्यातून वर-खाली नेऊन पाहिलं.

म्हणजे तुमच्या खोलीचं माप तिने वापरलंच नाही.

भिंतीवर मी डोंगर रंगवलेत, तीन रांगा, मागची फिकट. उजवीकडे हातभर जागा कोरी ठेवलीय, कारण तुमचा बोगदा नेमका कुठे निघतो ते मला माहीत नाही. ते तुम्ही इथे उभं राहून सांगायचं.

आणखी एक. दीड वर्ष हीच तुम्हाला बोलावत होती आणि मी बाजूला उभा होतो. मला वाटायचं, भाऊ-बहिणीत आपण काय बोलायचं. तुमची वाट अडवणारा मीच होतो हे मला तुमच्या पत्रातून कळलं. माझं चुकलं. घर माझंही आहे, आणि मी म्हणतोय, या. मलाही दुपारी चहाला माणूस हवा. ही तर एका कपाच्या वर देत नाही.

अक्षर पाटीसारखं मोठं आलंय, समजून घ्या. आमच्यावर हक्क आहे तो बजावावा.

आपला,
पाटीवाला


२ मे

चि. बुटकीस,
अ. उ. आ., पाटीवाल्यांना सप्रेम नमस्कार.

पत्र हातात घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि त्या खाचेत हात घातला. दोन महिने ज्या रिकाम्या जागेला शिव्या घातल्या, तिथे तुमचा खांब होता. रडलो. मास्तरीणबाईंनी डोळे पाहिले, त्यांना प्लास्टरची धूळ म्हणून सांगितलं. यापुढे खोटं बोलणार नाही, हे शेवटचं.

गिऱ्हाईक कुठलं तरी चाक घेऊन यायचं आणि म्हणायचं, हे बसत नाही, खराब आहे. मी म्हणायचो, चाक उत्तम आहे, ते दुसऱ्या घड्याळाचं आहे. चाळीस वर्षं लोकांना सांगितलं आणि स्वतःच्या घरात मला ते दिसलं नाही. तू जिंकलीस, आणि दिलेला शब्द न मोडता जिंकलीस, याचा मला जास्त राग येतो.

बोल्ट पंधरा मिनिटांत सुटले. डोंगर दोन तुकड्यांवर पसरला होता, त्याला जोडावर बारीक पात्याची करवत लावली. मन घट्ट करावं लागलं, पण फार सांडला नाही. तिथे शिवण दिसेल, ती तू झाडं लावून झाकायची. तीन खोकी बांधून झाली. मास्तरीणबाई दोरी धरायला होत्या, त्यांच्याकडची किल्ली परत घेतली आणि बदल्यात दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. हिरव्या कोटातल्या बाईला मात्र खोक्यात घातलं नाही. घड्याळाच्या छोट्या डबीत, कापसावर, माझ्या शर्टाच्या खिशात आहे. तिला एकदा गाडीने जायचंच होतं, तर खिडकीची जागा घेतलीय.

येत्या रविवारी दुपारची गाडी. पाहुणा म्हणून येत नाही, म्हणून परतीचं तिकीट काढलेलं नाही.

एक अट आहे. कोरी जागा पाटीवाल्यांनी मी येईपर्यंत रंगवायची नाही, आणि पाय मी वीस सेंटिमीटरने वाढवणार आहे. गाडी खिडकीच्या कडेच्या वर आली तरी चालेल, मला आता तुमच्याकडे बरीच वर्षं उभं राहायचंय. तुला बोगद्यात बघायला स्टूल लागेल. मास्तरीणबाईंकडून माझं मागून घेतलंय. घेऊन येतो.

दादा