साखळीतला दुसरा हात

मी, सौ. महेश्वरी विरुपाक्ष कलशेट्टी, वय एकसष्ट, धंदा कडक भाकरी व शेंगा चटणी, राहणार शेळगी, सोलापूर, माझ्या पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्या पोटातल्या गाठीचं निदान बार्शीला झालं आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी गोड बोलून माझ्यापासून काही लपवलेलं नाही. शरीर बरं नसलं तरी डोकं शाबूत आहे, तसा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या घरात शाबूत डोकं हे एवढं एकच असल्यामुळे, ते आहे तोवर लिहून घेते.

१. गेल्या वर्षी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घर सर्वस्वी माझ्या मुलीला दिलं होतं आणि एक वाक्य मुद्दाम घातलं होतं, की केम गावचे आबासाहेब तळेकर यांनी माझ्या पश्चात ह्या घराचा उंबरा चढू नये. ते वाक्य मी मागे घेते. का, ते पुढे येईल. वकीलसाहेब म्हणाले, "अक्का, मृत्युपत्रात कारणं लिहायची गरज नसते." मी म्हटलं, "तुम्हाला नसेल."

२. माझे पती श्री. विरुपाक्ष हे कबड्डी खेळत. आमच्या लग्नाआधीपासून खेळत आणि लग्नानंतरही बरीच वर्षं खेळले. त्या खेळावरच टॉवेलच्या कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली होती. हे उजव्या कोपऱ्यावर उभे राहत आणि त्यांच्या शेजारी आबासाहेब. दोघांनी एकमेकांचे हात धरून साखळी करायची. समोरचा गडी चढाईला आत आला की कोपऱ्यावरच्याने आधी त्याच्या पायांवर झेप घ्यायची, मग शेजारच्याने वरून येऊन त्याला दाबायचं. खेळातलं मला एवढंच कळतं, पण एवढं पुरेसं आहे. पहिली झेप ह्यांची असे, म्हणून गुडघाही ह्यांनाच लागे. कपाळावर, कानशिलावर, डोक्याच्या मागे. तेव्हा खेळ मातीवर असे. पडलेल्याच्या तोंडावर पाणी मारायचं, तो उठला की लोक टाळ्या वाजवायचे.

सांगोल्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात गडी ह्यांच्या डोक्यावरून गेला आणि हे बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर पुन्हा आत गेले. त्या सामन्यात उत्कृष्ट पकडीचं बक्षीस आबासाहेबांना मिळालं. दुसऱ्या दिवशी जेवताना हे मला विचारत होते, "आम्ही जिंकलो का?" मी सांगितलं, जिंकलात. भाजी वाढेपर्यंत पुन्हा विचारलं. मला वाटलं चेष्टा करतात.

३. ह्या माणसाशी माझं लग्न झालं, तेव्हा तो आधीच कोणाचा तरी हात धरून उभा होता, हे मला लिहून ठेवायचं आहे. आमच्या लग्नाची हळद उतरली नव्हती तेव्हा आबासाहेब केमहून गाडीने आले आणि ह्यांना लातूरला खेळायला घेऊन गेले. दर स्पर्धेच्या आधी ते आमच्याकडे मुक्कामाला असत. माझ्या हातची भाकरी खात आणि "वैनी, असली भाकरी आमच्या केमात न्हाय" असं म्हणत. मी वाढत राही आणि हे दोघं ताटात बोटांनी मैदान आखत बसत. आमच्या घरात कन्नड बोलतात. हे माझ्याशी कन्नडमधून कामापुरतं बोलत आणि आबासाहेबांशी मराठीतून पोटभर. मी दुधनीची, मराठी शाळेत शिकलेली. मला प्रत्येक शब्द कळत होता. त्यात माझ्याविषयी काही नसे.

दुसरी बाई असती तर मी भांडले असते. लोकांनी माझी बाजू घेतली असती. ह्याचं काय करायचं?

४. पुढे आबासाहेबांना खेळाच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली. त्याच भरतीला हेही गेले होते, पण महिनाभर डोकं दुखत होतं, अक्षरं हलत होती, कोरा पेपर देऊन आले. चाळिशी ओलांडल्यावर ह्यांना राग यायला लागला. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर, मुलीचे पेन मोडून अंगणात. मग माफी मागत रडायचे, आणि का रडतोय ते विसरायचे. कारखान्यातली नोकरी त्या रागातच गेली. मग मी भाकरी विकायला चूल पेटवली. माझी मुलगी अपेक्षा बारावी होताच पुण्याला गेली ती तिथलीच झाली. तिला मी दोष देत नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं, "एका मोठ्या माराने झालेलं नाही हे. लहान लहान मार वर्षानुवर्षं साठत गेले असावेत. पक्कं म्हणाल तर माणूस गेल्यावर मेंदू तपासला तरच कळतं." तपासायला मी ठाम नकार दिला आहे आणि तोच नकार इथे नोंदवते. त्यात काय भरलं आहे ते मला जिवंतपणीच कळलं आहे.

आबासाहेबांचं डोकं मात्र ठणठणीत आहे. फोनवर बायकोला विचारतात, "बजा, येताना दळण आनू का?" त्यांच्या पत्नी बजाबाई इथे आल्या की माझ्यासमोर त्यांच्यावर खेकसतात, की तुम्हाला काही लक्षात राहत नाही. मला तिथून उठून जावं लागतं.

५. आता घराविषयी. शेळगीतलं घर माझ्या वडिलांनी, कै. संगप्पा यांनी, मला दिलेल्या जागेवर बांधलेलं असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्याची मालकी माझ्यानंतर अपेक्षाकडे जावी. मात्र माझे पती जिवंत आहेत तोवर तिने ते विकू नये. तोवर त्या घरात राहण्याचा हक्क मी आबासाहेब तळेकर व बजाबाई तळेकर यांना देते, माझ्या पतींचा सांभाळ करण्यासाठी. सांभाळाची अट कोर्टात कितपत टिकेल याची वकीलसाहेबांना शंका आहे. आबासाहेबांविषयी मला शंका नाही, हेच माझं दुखणं आहे.

हे ठरलं ते असं. यंदा उन्हाळ्यात हे दुपारचे घरातून निघून गेले. शोधत गेलो तर शाळेच्या मैदानात सापडले. उन्हात, मैदानाच्या उजव्या टोकाला, गुडघ्यात वाकून, डावा हात बाजूला धरून उभे. पोरं हसत होती. शेजारचे सिद्धलिंगप्पा त्यांना ओढायला गेले तर ह्यांनी त्यांना ढकलून दिलं. मी जाऊन तो हात धरला. ह्यांनी माझी बोटं घट्ट आवळली. कित्येक वर्षांत ह्यांनी माझा हात असा धरला नव्हता. मग हळूच म्हणाले, "आबा, दम धर. अजून टप्प्यात आला नाही."

मी हात सोडवून घेतला. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नी यारू?" तू कोण, असं.

त्या दिवशी ह्यांना तिघांनी उचलून घरी आणलं. दोन घास खाईनात, आत बसेनात. अपेक्षा आली, पुण्याजवळच्या एका संस्थेत ठेवून पाहिलं. तिथले लोक चांगले होते, पण हे तिथे खोलीच्या कोपऱ्यात हात पसरून उभे राहत आणि जेवायला बसत नसत. परत आणावं लागलं. शेवटी अपेक्षा म्हणाली, "आई, आबाकाकांना बोलव." मी म्हटलं, मी मेल्यावर बोलव. ती म्हणाली, "तेव्हा उशीर झालेला असेल. तू असताना बसली त्यांची सवय तर बसेल." पोरगी खरं बोलते तेव्हा माझ्यासारखी दिसते.

आबासाहेब सकाळच्या गाडीने आले. पायातल्या चपला काढून सरळ आत गेले, ह्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "इरू, शिट्टी झाली. चल, जेवाय बसू." आणि हे बसले. मी वाढलेल्या ताटावरच हे बसले. माझ्याकडे न बघता सगळी भाकरी खाल्ली. मी स्वयंपाकघरात गेले आणि रिकाम्या पातेल्यात पळी ढवळत राहिले.

६. त्यानंतर चार दिवसांनी मी आबासाहेबांना अंगणात गाठलं. आमचं बोलणं इथे लिहिते, कारण त्याशिवाय कलम पाच कोणाला पटणार नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, मला एक सांगा. ह्यांचं अन्नपाणी मी केलं, धुणं मी धुतलं, मार मी खाल्ला. आणि आठवता तुम्ही. का?"

ते म्हणाले, "वैनी, म्याबी आठवत न्हाय त्याला. दारातनं आलो तर माझ्याकडं बघून इचारतोय, कोन पायजे. हात धरल्यावरच आबा म्हनतोय. त्याला हात वळकतोय, मानूस न्हाय."

"हात तरी ओळखतो ना?"

"व्हय." मग म्हणाले, "आन वैनी, तुमचं नाव घेतोय की. काल वरांड्यात म्हनला, आबा, आता बास, महेश्वरी वाट बघत आसंल."

मी विचारलं, "माझी शपथ घेऊन सांगा."

त्यांनी घेतली. खरं असेल किंवा मला बरं वाटावं म्हणून केलेलं असेल. खोटं असेल तर हा माणूस माझ्यापेक्षा मनाने मोठा आहे, आणि तेही मला नको आहे. खरं असेल तर माझं नावसुद्धा हे त्याच्याजवळ घेतात, आणि मी आत चार पावलांवर उभी असताना मला विचारतात, नी यारू. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. कुठूनही सुख नाही.

मग त्यांना म्हटलं, "सांभाळाल का? शेवटपर्यंत?"

"म्या हाय की," ते म्हणाले. "वैनी, झेप त्यानं घ्यायची आन बक्षीस म्या. मला काय कळत न्हाय व्हय?"

हे ऐकायला मी फार वर्षं थांबले होते आणि ऐकल्यावर राग कुठे ठेवावा ते कळेना.

७. भाकरीच्या धंद्याचं सगळं सामान, म्हणजे लोखंडी तवे, पितळी परात, शेंगा कुटायचं उखळ आणि दुकानदारांची ओळख, हे सर्व चंद्रिका हिला द्यावं. तिने माझ्याबरोबर धुरात उमर काढली आहे. चटणीत लसूण जास्त घालते, ती सवय सोडावी.

बजाबाईंनी स्वयंपाकघर वापरावं. भांडी, गॅस, फ्रिज सर्व वापरावं. ह्यांना भाकरी मात्र चंद्रिकाच्या हातचीच द्यावी, ती माझ्या हाताखाली शिकली आहे. बजाबाईंच्या हातची भाकरी ह्यांना जास्त आवडली तर मला ते कोणीही, कोणत्याही विधीत, सांगू नये.

८. ह्यांच्या क्रीडा मंडळाने कार्यालयात लावायला ढाली आणि फोटो मागितले आहेत. त्यांना एकही देऊ नये. पंचवीस वर्षांत त्यांच्यापैकी कोणी ह्यांना बघायला आलं नाही. गेल्या साली सत्काराला बोलावलं, शाल घातली, आणि हे माईकवर गडबडले तेव्हा पहिल्या रांगेतले लोक हसले. ढाली मोडीत घालाव्यात. मंडळात आजही पोरं खेळतात. त्यांच्यातला एखादा डोक्यावर पडला तर त्याला त्या दिवशी आणि डॉक्टर सांगेल तोवर परत आत घेऊ नये, एवढं मंडळाने लिहून लावलं तर माझ्या दागिन्यांतल्या बिलवरांची किंमत त्यांना द्यावी, पोरांच्या औषधपाण्यासाठी. बाकीचे दागिने अपेक्षाचे.

९. माझी माती आमच्या रिवाजाप्रमाणे करावी. त्या वेळी ह्यांना घरीच ठेवावं.

माझ्या मृत्यूची बातमी ह्यांना देऊ नये. डॉक्टरांचं म्हणणं, असे रुग्ण ऐकतात, विसरतात आणि प्रत्येक वेळी नव्याने दुःख करतात, म्हणून सांगू नये. अपेक्षाला मी हेच कारण दिलं आहे. पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात. मला भीती वेगळीच आहे. ह्यांना सांगितलं जाईल, महेश्वरी गेली, आणि हे विचारतील, कोण महेश्वरी. आणि तेव्हा ह्यांचा हात धरून आबासाहेब बसलेले असतील. त्यांना ते ऐकू येईल. ते मला सहन होणार नाही, मेल्यावरसुद्धा.

हे मृत्युपत्र मला वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मी ऐकलं, समजलं, आणि त्यांनी कलम सात व नऊमधली वाक्यं गाळू का असं विचारल्यावर नको म्हटलं. खालील दोघांच्या समोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्या दोघांनी केली. दोघांपैकी सिद्धलिंगप्पांना ह्यातून काही मिळत नाही. दुसरी सही चंद्रिकाची घेणार होते, पण तिला सामान मिळणार असल्याने ती चालत नाही असं कळलं, म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी केली. आबासाहेब बाहेर बाकावर ह्यांना धरून बसले आहेत.

सही: महेश्वरी विरुपाक्ष कलशेट्टी

साक्षीदार १: सिद्धलिंगप्पा बसप्पा हत्तुरे, शेळगी, सोलापूर
साक्षीदार २: डॉ. फिरदोस गौस शेख, सोलापूर

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५