टोपरं घातलेलं यंत्र

प्रिय कल्पना,

पहिली आली ती शोभा. तिचं घर मंडळाच्या हॉलपासून सगळ्यात लांब, पण परगावचं कुणी यायचं म्हटलं की ती आधी हजर. यावेळी तिच्या घाईला आणखी एक कारण होतं, ते पुढे सांगते. तिच्यामागून मी, माझ्या गुडघ्यांच्या चालीनं, आणि मग तुझे बाबा, मंडळाचे सेक्रेटरी, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, सुरेश, माणसं धुराचं यंत्र बघायला येतायत, मुलगी बघायला नाही. तो कॉलर सारखी करत राहिला. तुला माहीतच आहे तो.

हॉल आठवतो ना तुला? छताखालून तो पत्र्याचा चौकोनी बोगदा जातो. तुम्ही लोक डक्ट म्हणता. त्यातून गार वारा हॉलमध्ये येतो, तोच पुढे बालवाडीच्या खोलीत जातो. तुझ्या आजोबांनी कारखान्यात जन्मभर असलेच पत्रे वळवले. रविवारी तुला खांद्यावर घेऊन पिपलानी वसाहतभर फिरायचे आणि शेवटी इथं आणायचे. तू बोगद्याच्या जाळीला कान लावून सांगायचीस, आजी, हॉल झोपलाय, घोरतोय. अजून दुपारी डोळा लागता लागता मला तो आवाज येतो बघ. बोगद्यातून कुणी अनवाणी चालत जावं तसा वारा, आणि त्या वाऱ्यावर तुझी लाल रिबीन. ती संपतच नाही, लांब लांब होत जाते आणि मी तिच्या मागून तरंगत जाते. गुडघेसुद्धा दुखत नाहीत. असो. कुठून कुठं गेले.

तर त्या बोगद्यात एक नळी बसवलेली असते, बासरीसारखी भोकाभोकांची. वाऱ्यात धूर आला की तो त्या नळीतून यंत्रात जातो, भोंगा वाजतो आणि पंखा आपोआप बंद पडतो. म्हणजे एका खोलीतला धूर दुसरीत जायला नको. तुला मी काय सांगायचं म्हणा, तुझी भाकरीच त्यावर. पण आमच्या गणपतीत काय व्हायचं, आरती रंगात आली आणि शोभानं धूप घातला की हे यंत्र बोंबलायचं. पंखा बंद, बाप्पासकट सगळे घामाघूम. गेल्या गणपतीपासून मात्र एकदम गप्प झालं. सुरेश येईल त्याला सांगायचा, सुधारलंय ते आता.

मग सुधारलेलं यंत्र तपासायला माणसं कशाला, आणि तीही इंदूरहून? जवाहर चौकातला आपला नेहमीचा मनुष्य स्कूटरवर येऊन गेला असता. शोभानं तसं विचारलंही. सुरेश म्हणाला, मोठ्या कंपनीचं काम वेगळं असतं काकू. एवढंच.

इंदूरहून दोघं आले. हेमंत म्हणून आपल्यातलाच मुलगा, बोलायला गोड. दुसरे मधुकर, वयानं मोठे, चहा बशीतून पिणारे, म्हणून मला लगेच आवडले. मधुकर भोंग्याच्या पेटीपाशी थांबले, हेमंत शिडीवर चढला. आधी बालवाडीत निरोप गेला की भोंगा वाजेल, भिऊ नका. बाईंनी सगळ्या पोरांना कानांवर हात ठेवून बसवलं. हेमंतनं डब्यातला खोटा धूर बोगद्यात सोडला. आम्ही श्वास धरून बसलो.

काहीच झालं नाही. पंखा आपला घोरतोय. मधुकर म्हणाले, भैया, इधर तो कुछ नहीं. पोरं कानांवर हात ठेवून तशीच बसलेली. आणि मग कल्पना, त्यांच्या डोक्यावरच्या जाळीतून तो धूर हळूहळू उतरायला लागला. इतका मऊ, पिंजलेल्या कापसासारखा, उन्हाच्या तिरिपेत जरा थबकला आणि मग पसरला. पोरं कानांवरचे हात काढून टाळ्या पिटायला लागली, ढग आला, ढग आला. मीही क्षणभर हसले. मग सुरेशचं तोंड पाहिलं. पांढरंफटक. तो धूर खरा असता तर, हे माझ्याही डोक्यात तेव्हा शिरलं.

हेमंतनं पत्र्याचं छोटं दार उघडलं, आत हात घातला आणि काय बाहेर काढलं असेल? टोपरं. पिवळ्या फुलांचं, त्या नळीवर चढवून नाडीला नीट गाठ मारलेलं, काजळीनं माखलेलं. म्हणाला, आजी, हे कुठल्या बाळाचं? शोभा म्हणाली, शिवलंय मी, पण आरतीपुरतं. नंतर श्यामनं काढायला हवं होतं. श्याम म्हणजे आपला चौकीदार. तो म्हणतो, काकू, घाल बोललात, काढ कुठे बोललात? तर ही काय म्हणते, पण शिलाई बघा, वर्षभर वाऱ्यात राहून एक टाका उसवला नाही. सगळे पोट धरून हसले.

सुरेश हसला नाही. म्हणाला, ते गप्प होतं, म्हणून मला वाटलं बरं आहे. हेमंत हात पुसत म्हणाला, काका, गप्प आहे म्हणजे बरंच आहे असं नसतं. मधून मधून जाऊन बघावं लागतं. सुरेश खुर्चीवर बसला तो कितीतरी वेळ उठला नाही.

यंत्र आतून खराब झालंय, नवीन बसवायचं, तोवर पंखा बंद ठेवायचा, असं ठरलं. हेमंत सांगत होता, बसवतो आम्ही, पण शेवटची तपासणी आमच्या मॅडम स्वतः येऊन करतात. त्यांची एक गंमत आहे आजी, डक्टला कान लावून सांगतात पंखा कसा चाललाय ते. मी पदर तोंडाला लावला. सुरेश खाली बघत होता. मग त्यानं विचारलं, त्या जेवतात का हो वेळेवर? हेमंत गोंधळला, कोण, मॅडम? सुरेश म्हणाला, नाही, विचारलं आपलं.

तर पोरी, हे पत्र त्याकरता. फोनवर तो शेजारीच बसलेला असतो, म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहितेय, लावून घे. बोगद्यात शिरायला इंजिनियर केलं का तुला, असं तो बोलला आणि तू घर सोडलंस. तुझी आई गेल्यापासून तुम्हा दोघांच्या मधे बोलणारी मीच, पण तेव्हा मलाही शब्द सापडले नाहीत. आता सापडलेत ते एवढेच, की इंदूरची कंपनी त्यानं उगाच शोधली नव्हती. परवापासून तुझी खोली झाडतोय, छतसुद्धा. विचारलं तर म्हणतो, जाळी फार झालीत. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. सुरेशनंच वार मागून घेतला, सुट्टीचा. नवीन यंत्र घेऊन मॅडमसह रविवारी सकाळी येतो, असं हेमंत आणि मधुकर कबूल करून गेलेत.

तुझीच, जाळीला कान लावून बसलेली,
आजी